अठै, आठे आणि येस

२४ डिसेंबर, अमळनेर स्टेशन

सुरत पॅसेंजर लेट आहे. बाकावर सामानाचे सहा डाग आणि त्यांच्यावर पाय ठेवून सासूबाई. चार जणांचं सामान मी तीन बॅगांत बसवलं होतं, उरलेले तीन डाग त्यांचे. एकात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा. दुसऱ्यात स्वेटर-शाली. तिसऱ्यात काय आहे ते त्या सांगत नाहीत.

महिन्यापूर्वी जैसलमेरचं नाव निघालं तेव्हा ह्याच सासूबाई म्हणाल्या होत्या, "वाळू देखाले इतला लांब जातस का? वाळू ते आपली बोरीमा बी शे." बोरी म्हणजे आमची नदी. पावसाळ्याचे दिवस सोडले तर तिच्यात वाळूच दिसते, आणि तीही आता ट्रॅक्टर ठेवतील तेवढीच. मला वाटलं, चला, ह्या घरी राहतील, दीर-जाऊबाई आहेतच. पण तिकिटं काढायच्या दिवशी त्यांनी ह्यांच्याकडे हळूच आधार कार्ड दिलं. बोलल्या काही नाहीत.

मला स्वतःला जायचं होतं ते एका खोडसाळ कारणाने. आम्हा खानदेशी माणसांना उन्हाचा भारी अभिमान. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मे महिन्यात ४५ अंशांत फिरवून "हे तर काहीच नाही" म्हणण्यात आमची हयात जाते. तर म्हटलं, खरोखरीचं वाळवंट एकदा बघून यावं. अर्थात डिसेंबरात. अभिमान असला तरी अक्कल गहाण टाकलेली नाही.

निघताना गल्लीतले किराणावाले शेठजी ओट्यावर उभे होते. त्यांचे आजोबा राजस्थानातल्या फलोदीकडून आले. शेठजींचा जन्म इथला, शाळा इथली, अहिराणी माझ्यापेक्षा चांगली, कारण मी नाशिकची. ते स्वतः कधी फलोदीला गेलेले नाहीत. म्हणाले, "फलोदी वाटेतच लागेल. गाडी थांबली तर बघून घ्या." काय बघून घेऊ, विचारलं तर हसले. मग म्हणाले, "येताना पाव किलो सांगरी आणा. तिकडची."

गाडी आली वाटतं. बाकी नंतर.

२५ डिसेंबर, रात्री, जैसलमेर

सुरतेला सूर्यनगरी एक्स्प्रेस पकडली, पहाटे मारवाड कधी लागलं कळलंच नाही. जोधपूरला उतरलो तेव्हा अंगात जे होतं त्यावर अजून एकेक स्वेटर चढवला. तिसऱ्या डागातलं गुपित तिथे फुटलं: सासूबाईंनी गोधडी आणली होती. ह्यांनी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासाने तिच्यात आधी कोण शिरलं, ते मी लिहीत नाही.

जोधपूर ते जैसलमेर दिवसाचा प्रवास, आणि ह्या सबंध सहलीत मला आवडलेली पहिली गोष्ट हीच. विमानाने आलो असतो तर वाळवंट एकदम समोर आलं असतं. रेल्वेत ते हप्त्याहप्त्याने येतं. आधी शेतं, मग झुडपं वाढतात, मग झुडपांमधली जागा वाढते. घरं पिवळी होत जातात. शेवटी नजर अडेल असं काही उरत नाही.

फलोदीला गाडी थांबली. मी खिडकीतून बघून घेतलं. चहावाला, दोन कुत्री, पाण्याचा नळ, पिवळा फलक. ह्याच गावात १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, भारतातला तो विक्रम. आमचा अभिमान मी त्या फलाटावर गुपचूप उतरवून ठेवला. शेठजींसाठी फोटो काढला, तर नेमकी चहावाल्याची पाठ आली.

समोरच्या बाकावर एक शिक्षक होते. त्यांनी सांगितलं, जवळच खीचन नावाचं गाव आहे, तिथे दर हिवाळ्यात हजारो कुरजां उतरतात. कुरजां म्हणजे आपला कांड्या करकोचा. मध्य आशियातून, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. गावातले लोक त्यांच्यासाठी दाणे टाकतात आणि उन्हाळा लागायच्या आत पक्षी परत जातात. आमच्यासारखेच पाहुणे, फक्त सहा डाग नसतात.

पुढे पोखरण. मुलीला मी १९७४ आणि १९९८च्या अणुचाचण्यांचं सांगायला सुरुवात केली, पण तिचं लक्ष वेगळीकडेच. गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावलं आणि गाडी उलटी निघाली. "आई, आपण परत चाललो?" ती घाबरलीच. सगळा डबा हसला. तिथे असंच असतं म्हणे.

संध्याकाळी किल्ला दिसला. मी फोटोंत शंभरदा पाहिला होता, तरी मान आपोआप वर गेली. डोंगर पिवळा, तट पिवळे, खालचं गावही त्याच पिवळ्या दगडाचं, त्यामुळे डोंगर कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते मावळतीच्या उन्हात कळत नाही. स्टेशनाबाहेर मात्र आपलं नेहमीचं जग: हॉटेलांच्या पाट्या धरलेले वीस-पंचवीस लोक, "मॅडम, कॅमल? टेंट? डेझर्ट?" सासूबाईंनी एकाला विचारलं, "उंट कितलाले?" त्याने उंट फिरवण्याचा भाव सांगितला. सासूबाईंना वाटत होतं विकत घेण्याचा. घासाघीस बरीच रंगली.

२६ डिसेंबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

सकाळी किल्ल्यात गेलो. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेला, त्रिकूट टेकडीवरचा, ९९ बुरुजांचा. २०१३ पासून राजस्थानातल्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला इथे धक्का बसतो तो वेगळाच: लोक राहतात आत! हजारो लोक. वाळत घातलेले कपडे, शाळेत निघालेली पोरं, शिवणयंत्राचा आवाज, चौकात बसकण मारलेली गाय. आपण किल्ल्यावर गेलो की पडक्या भिंती बघून इतिहास आठवायचा असतो. इथे इतिहासाला बाजूला सरकून स्कूटरला वाट द्यावी लागते.

जैन मंदिरांच्या मागच्या बोळात एक म्हातारी ओट्यावर बसून काहीतरी निवडत होती. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "आओ सा, अठै बिराजो."

सासूबाई थबकल्या. "आठे?" त्यांनी ओट्याकडे बोट केलं.

"हां, अठै."

"मी आठेच बसस मंग," म्हणून त्या टेकल्या ते पाऊण तास उठल्या नाहीत.

मी नाशिकहून लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा पहिलं वर्षभर मला 'आठे' आणि 'तठे' कानाला टोचायचं. इथे-तिथे म्हणायला काय होतं, असं वाटायचं. मी सुधारायलासुद्धा गेले होते एकदोनदा, आता आठवलं की कानकोंडं होतं. आणि इथे आठशे वर्षांच्या किल्ल्यात तोच शब्द, जरासा आखूड करून, एक बाई सहज बोलून जाते. व्यापारी आले-गेले, गुरं घेऊन माणसं आली-गेली, त्यांच्याबरोबर शब्दही आले-गेले असतील. मी काही भाषातज्ज्ञ नाही, बँकेत कॅशियर आहे. पण त्या ओट्यावर दोघींना दुभाषा लागला नाही एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. निम्मं कळत होतं, उरलेल्या निम्म्यावर दोघीही माना डोलावत होत्या.

विषय काय, तर पाणी. म्हातारीने सांगितलं, तिच्या सासूच्या काळात गडीसर तलावावरून डोक्यावर घडे घेऊन बायका हा चढ चढायच्या. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडणारं गाव, त्याचा सगळा भरवसा त्या एका तलावावर. मग नळ आले, पंजाबातून कालव्याने पाणी आलं. आता घराघरांत खोल्या भाड्याने, खोलीखोलीत न्हाणीघर. घड्याघड्याने पाणी वापरणाऱ्यांसाठी बांधलेला हा किल्ला. त्याच्या पायाखालची माती मऊ, त्यात गळक्या नळांचं आणि गटारांचं पाणी मुरतं आणि तट खचतात. काही बुरूज ढासळलेसुद्धा. वाळवंटातल्या किल्ल्याला भीती पाण्याची! सासूबाईंनी नातीकडे रोखून पाहिलं. सकाळी ती अर्धा तास शॉवरखाली होती. आम्ही गडाखाली उतरलो होतो म्हणून, नाहीतर एक बुरूज आमच्या नावावर लागला असता.

संध्याकाळी गडीसर पाहिला. पटव्यांच्या हवेल्याही पाहिल्या. दगडाची जाळी लाकडासारखी कोरली आहे, ती लिहून समजणार नाही. ह्यांनी दोनशे फोटो काढलेत, त्यातले शंभर खांबांचे.

जेवण दाल-बाटी. आमच्याकडे बट्टी आधी वाफवतात, मग कापून तळतात. इथे अख्खी भाजून तुपात बुडवतात. सासूबाईंचा निकाल: "भाजेल शे, तळेल नही. पन तूप चांगलं शे." दोन खाल्ल्या. केर-सांगरीची भाजी मात्र त्यांनी चवीने चघळली आणि सांगरी कशाची विचारली. खेजडीच्या शेंगा, वेटर म्हणाला. खेजडी म्हणजे आपली शमी, हे मी फोनवर शोधून सांगितलं. "शमीनी भाजी?" त्या बराच वेळ ताटाकडे बघत राहिल्या. दसऱ्याला जिची पूजा करतो ती खाल्ली ह्याचा हिशेब लागत नसावा.

२७ डिसेंबर, सम

तंबूत लिहितेय. बाहेर डीजे.

वाटेत कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं ओस गाव. दोनेकशे वर्षांपूर्वी लोक उठून गेले. गाइडने दिवाण सालमसिंगाची वाईट नजर, एका रात्रीत गाव रिकामं आणि शाप अशी गोष्ट रंगवून सांगितली. कराचा जाच आणि आटत गेलेलं पाणी हीही कारणं सांगतात, पण भूत जास्त खपतं. मला जास्त रस वाटला तो ह्या लोकांच्या खडीनमध्ये. उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी बांध घालून सखल जागी अडवायचं, ते जमिनीत जिरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू काढायचा. जैसलमेरात गहू! आमच्या पांझरेवरची फड बागायत आठवली. एवढी अक्कल असलेले लोक गाव सोडून गेले, आणि त्यांच्या पडक्या घरांसमोर आम्ही सेल्फी काढत होतो.

समच्या वाळूच्या टेकड्या सुंदर आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायला जीप, उंट, चिप्सची पाकिटं आणि चार राज्यांतले लग्न झालेले नवे जोडीदार ओलांडावे लागतात. सूर्य बुडाल्यावर गर्दी जेवायला धावली आणि दहा मिनिटं वाळू एकटी सापडली. गार, बारीक, पावलाखाली सरकणारी. सासूबाईंनी मूठभर उचलली, बोटांतून सोडली. "बोरीनी जाडी ऱ्हास," एवढंच म्हणाल्या.

कार्यक्रमात आधी मांगणियार गायक होते. एक पांढऱ्या दाढीचे बाबा कमायचा नावाचं तंतुवाद्य वाजवत होते, त्या आवाजाने अंगावर काटा आला. त्यांना वीस मिनिटं मिळाली. मग दोन तास डीजे. तंबूत गरम पाणी मिळेल असं सांगितलं होतं, मिळाली अर्धी बादली, तीही कोमट. उद्या सकाळी तक्रार करायची की नाही ह्यावर आमच्यात एकमत नाही. कालची म्हातारी आठवली की अर्धी बादली फार वाटते. थंडी आठवली की वाटत नाही.

गोधडीत आता तिघं आहोत.

२८ डिसेंबर, स्टेशन

गाडीला तास आहे. सुट्टीतल्या गावाचा शेवटचा दिवस असा लोंबकळत का असतो कोण जाणे. खोली बाराला सोडली, सामान हॉटेलच्या जिन्याखाली, आणि आपण परवा ज्या रस्त्यांवर डोळे मोठे करून फिरलो त्याच रस्त्यांवर घड्याळ बघत. दुकानदारही ओळखतात, निघालेलं गिऱ्हाईक आहे ते. भाव आपोआप उतरतात. तीन दिवसांपूर्वी स्टेशनाबाहेर आमच्यावर तुटून पडलेल्या पाट्यावाल्यांनी आज आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर थेट येणाऱ्या गाडीवर. थोडंसं लागलं मनाला, खरं सांगायचं तर.

बाजारात सांगरी घेतली, पाव किलो. मग सासूबाई म्हणाल्या, किल्ल्यात जायचं आहे. गुडघ्यांचं काय? उत्तर नाही. रिक्षा जाईल तिथवर रिक्षाने आणि पुढे हळूहळू. म्हातारी ओट्यावरच होती. पिशवीतून उरलेला चिवडा आणि चटणीची डबी निघाली. त्या डागातलं सामान संपत का नव्हतं, ते तेव्हा कळलं. तिने गोड काहीतरी हातावर ठेवलं. बोलणं फार झालं नाही.

उठताना ती म्हणाली, "पाछा पधारज्यो."

सासूबाईंनी तिचे हात धरले आणि म्हणाल्या, "येस हं, बहीन. येस."

जाताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडे सगळीकडेच. अहिराणीत त्याचं 'येस' होतं. पण मुलगी खिंकाळली, "आजी इंग्लिश बोलली!" तिथे चढून आलेले कोणी गोरे पर्यटक होते, त्यांनीही वळून पाहिलं. सासूबाईंना काही कळलं नाही. उतारावर त्या दोनदा मागे वळल्या. वय ७१. दोघींनाही ठाऊक असणार.

गाडी लागली. ह्यावेळी पोखरणला उलटी झाली तर मुलगी घाबरणार नाही.

३० डिसेंबर, अमळनेर

गल्लीच्या तोंडाशीच कोणीतरी हाक मारली, "उनात का?" म्हणजे आलात का. उनात, म्हटलं. बुटांतून वाळू निघाली, ती मी बोळातच झटकली. घर बंद होतं त्याचा वास, आणि जाऊबाईंकडून भरीत-पुरीचा डबा. बामणोदची वांगी, आताच काय ती खरी चव. चार दिवस तूप खाल्लेल्या जिभेवर हिरव्या मिरचीचा चटका पडला तेव्हा घरी पोचल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी सासूबाई आणि मी सांगरी घेऊन शेठजींकडे गेलो. आधी फलोदीचा फोटो दाखवला. चहावाल्याची पाठ आणि पिवळा फलक. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला, फलकावरचं नाव वाचलं, पुन्हा लहान केला. "नळ आहे फलाटावर," म्हणाले. बराच वेळ फोन परत दिला नाही.

मग पुडी हातात घेतली, वास घेतला, आणि सवयीने काट्यावर ठेवली. २३० ग्रॅम.

आम्ही तिघंही काट्याकडे बघत राहिलो.

"वाटेत वाळली असेल," शेठजी म्हणाले.

"वाळेल चीज आखो कितली वाळी?" सासूबाईंनी विचारलं.