ओंटारिओ सरोवरात वेग बघा, पण पाण्याखालचा

उन्हाळ्यात ओंटारिओ सरोवरात चिनूक सामन माशासाठी ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, जीपीएसच्या वेगावर विसंबू नका. वरचा प्रवाह एकीकडे, २५ मीटर खालचा भलतीकडे. पडद्यावर ताशी ४ किलोमीटर दिसत असताना खाली आमिष जेमतेम ३ ने सरकत असू शकतं. म्हणून प्रोब (खालचा वेग आणि तापमान मोजणारं यंत्र) डाउनरिगरच्या, म्हणजे तार आणि वजनाने आमिष ठरावीक खोलीवर नेणाऱ्या साधनाच्या, वजनाच्या जरा वर अडकवा. वजन निदान ५ किलोचं हवं. हलकं असलं की तार मागे झुकते आणि खोली चुकते.

आधी योग्य तापमानाची खोली शोधा, साधारण १२ अंश सेल्सिअस. मग खालचा वेग ४ च्या आसपास आणा. बोट वळवली की आकडा पुन्हा बघाच, तिथेच बरेच जण फसतात! वेग अचानक शून्य दाखवला, तर आधी प्रोब वर घेऊन त्याच्या वेग मोजणाऱ्या चक्रात अडकलेलं शेवाळ काढा.