दोन डायलिसिस चुकले तेव्हा

नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मी परिचारिका आहे. आमच्याकडचे बहुतेक रुग्ण आठवड्यातून तीनदा येतात, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडलेले असतात आणि हे वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे इतर वॉर्डांत परिचारिकेला रुग्णाचा आजार कळतो, आमच्याकडे त्याचा सगळा संसार कळतो. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या द्राक्षबागेवर डावणी आली, महात्मा फुले योजनेत कोणाचा कागद अडकला, हे तर कळतेच; पण कोण देवापाशी काय मागतो आहे, हेही हळूहळू कळते. मी शरणपूर रोडवरच्या ख्रिस्ती कुटुंबात वाढले, हे विभागात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे आमच्या समाजातले रुग्ण माझ्यापाशी जरा अधिक मोकळे होतात. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते काका त्यांपैकीच एक.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले हे काका सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या पहिल्या पाळीला येत. मधुमेहाने दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. काकूंनाही साखर असल्यामुळे त्यांची किडनी चालण्यासारखी नव्हती आणि मुलाची घ्यायला काकांनी स्वतःच नकार दिला होता. उरली ती मृत दात्याच्या किडनीची प्रतीक्षा यादी आणि प्रार्थना. काकू तर मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, प्रार्थनेवरही थांबल्या नव्हत्या, प्रॉटेस्टंट घरातल्या असूनही फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी भरणाऱ्या नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाऊन त्या मेणबत्ती लावून आल्या आणि मला बजावून म्हणाल्या, "पाळकसाहेबांच्या कानावर घालू नका हं, सिस्टर." त्या यात्रेला वसई-मुंबईपासून माणसे येतात, त्यांतली किती जण असेच एकेक मागणे घेऊन येत असतील, असे मला दर वर्षी वाटते.

त्याच उन्हाळ्यात शहरात बाहेरगावच्या एका प्रचारकाची चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, झाली. काका शनिवारी संध्याकाळी तिथे गेले. प्रचारकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, किडन्या बऱ्या झाल्या असे जाहीर केले आणि काकांनी मंचावरून तशी साक्षही दिली. सोमवारी त्यांचा बेड रिकामा राहिला. मी फोन केला तेव्हा मुलगा संकोचून म्हणाला, "बाबा म्हणतात, आता गरज नाही." डॉक्टरांनी स्वतः फोन करून समजावले, तरी बुधवारीही ते आले नाहीत. गुरुवारी पहाटे अपघात विभागातून आम्हाला बोलावणे आले.

काकांना आडवे होता येत नव्हते. उशी छातीशी कवटाळून ते खुर्चीत पुढे वाकून बसले होते आणि एकेक शब्दामागे श्वास घेत होते. शरीरातले जास्तीचे पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवे ते त्यांच्या बाबतीत 58 किलो होते. त्या पहाटे काट्यावर साडेचौसष्ट भरले. ईसीजीवरच्या टी-लहरी उंच आणि टोकदार झाल्या होत्या आणि रक्तातले पोटॅशियम, जे साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावे, ते 7.6 निघाले. अशा वेळी हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू दिले, मागोमाग ग्लुकोज आणि इन्सुलिन दिले. पण कॅल्शियम हृदयाला तेवढ्यापुरते सांभाळते आणि इन्सुलिन पोटॅशियमला काही तास पेशींत ढकलून ठेवते, इतकेच. ते शरीराबाहेर काढायचे तर यंत्रच लागते.

त्यांच्या डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटे ठेवून मी आतल्या रक्ताची थरथर चाचपत होते, तेवढ्यात सभेतले एक ब्रदर, जे काळजीपोटीच सोबत आले होते, दारातून म्हणाले, "काका, इथे आलात म्हणजे विश्वास सोडलात." थरथर नीट लागली. मी दोन्ही सुया टोचल्या, यंत्र सुरू केले आणि मग ब्रदरांना नियम सांगून बाहेर बसवले. मला राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दारातल्या त्या माणसाचा चेहरा काकूंइतकाच घाबरलेला होता, हेही खरे.

अडीच तासांनी काकांचा श्वास सुटा झाला. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "सिस्टर, माझाच विश्वास कमी पडला ना?"

डायलिसिसच्या खुर्चीत मी मृत्यूचे भय पुष्कळ पाहिले आहे, पण हा प्रश्न मला त्याहून क्रूर वाटतो, कारण यात माणूस आपल्या आजाराचा आरोपीही स्वतःच होतो. मी काकांना विचारले, "प्रेषित पौलाचा सोबती त्रफिम आठवतो का?" रोज शास्त्र वाचणाऱ्या काकांना तो आठवेना. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौल सहज सांगून जातो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. काकांनी मुलाला आत बोलवायला लावले, मोबाइलवर ते वचन काढायला लावले आणि चष्मा नसल्यामुळे दोनदा मोठ्याने वाचून घेतले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, तोच पौल सोबत्याला आजारी ठेवून पुढच्या गावाला जातो, त्याबद्दल त्रफिमाला बोल लावत नाही की स्वतःलाही नाही. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यांवर आणि पोटासाठी तर तो थोडा द्राक्षारस घे असा घरगुती इलाज लिहितो. "म्हणजे पौलानेही औषध सांगितलं," काका म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच किंचित हसले.

तरीही त्या प्रचारकाची वचने बनावट होती, असे म्हणून मला सुटता येत नाही. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" हे येशूचेच शब्द आहेत; याकोबाच्या पत्रात विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असे स्पष्ट लिहिले आहे. मात्र शुभवर्तमाने सलग वाचली की विश्वासाचे माप मोजून आरोग्य वाटले जात होते, असे कुठे दिसत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप मुलाला घेऊन येतो आणि रडत म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. त्याचा मुलगा तेवढ्यावर बरा होतो. छप्पर उसकून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या बाबतीत विश्वास दिसला तो त्याला आणणाऱ्यांचा. आणि येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर तर चार दिवस कबरेत होता. त्याच्याकडून कसल्या विश्वासाची अपेक्षा ठेवणार? जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, हा प्रश्न तर त्याने स्वतःच काढून स्वतःच नाही म्हटले. तरीही रुग्णाच्या उशापाशी आपण तोच जुना हिशोब पुन्हा मांडतो, फक्त पापाच्या जागी कमी विश्वास घालतो.

पुढच्या शुक्रवारी पाळकसाहेब आले. मी थोडी धास्तावले होते, कारण सांत्वनाला येणारी माणसे घाईने बोलतात आणि देव परीक्षा घेतो, यातूनही चांगलेच होईल, अशी वाक्ये रोग्यापेक्षा बोलणाऱ्यालाच अधिक दिलासा देतात. बायबलमधल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे तीन मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, तोवर त्यांचे सगळे बरोबर होते; बोलायला लागले आणि पुस्तकाच्या शेवटी देवानेच त्यांना सुनावले की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर देवाशी भांडत होता.

पाळकसाहेबांनी 88 वे स्तोत्र काढले. त्यात एक आजारी माणूस रात्रंदिवस आरोळी मारतो, तू आपले मुख माझ्यापासून का लपवतोस असे देवाला विचारतो आणि स्तोत्र संपते तेव्हा त्याचे सगेसोयरे दूर गेलेले असतात आणि सोबतीला अंधार असतो. वाचून ते थांबले. काकू म्हणाल्या, "पुढचं वाचा ना, साहेब." ते म्हणाले, "पुढे काही नाही, काकू. हे इथेच संपतं." काकूंना ते पटेना; त्यांनी पुस्तक हातात घेऊन पान उलटून पाहिले आणि 89 वे स्तोत्र लागल्याची खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "असलं पण बायबलमध्ये आहे होय?" आणि पदराने डोळे पुसत बाहेर जाऊन बसल्या. नंतर त्यांनी घरी तेच स्तोत्र पुन्हा वाचल्याचे मला सांगितले.

अनुत्तरित प्रार्थनेची जी सुंदर उत्तरे ख्रिस्ती परंपरेत आहेत, ती मी टाकून देत नाही. मुलाने रोमला जाऊ नये म्हणून संत मोनिका रात्रभर प्रार्थना करत राहिली, मुलगा तिला फसवून गेलाच, आणि पुढे इटलीतच तो ख्रिस्ती झाला; त्या रात्रीचे मागणे नाकारून देवाने मुलगा ख्रिस्ती व्हावा हे तिचे नेहमीचे मागणे पुरवले, असे तोच मुलगा, ऑगस्टीन, चाळिशी ओलांडल्यावर लिहितो. पण प्रत्येकाची गोष्ट अशी वळण घेत नाही. आपल्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली, तेव्हा रमाबाई बायबलच्या भाषांतराचे काम संपवत आल्या होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. त्या मरणातून काय साधले, हे सांगायची हिंमत मी तरी करणार नाही.

माझा स्वतःचा आधार इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातल्या एका वचनावर आहे, आणि ते वचन सोयीचे नाही. तिथे म्हटले आहे की येशूने, त्याला मरणातून सोडवू शकणाऱ्याजवळ, मोठा आक्रोश करून आणि अश्रू ढाळून प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली. गेथशेमाने बागेत हा मरणाचा प्याला टळो असे त्याने तीनदा मागितले, प्याला टळला नाही, दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर होता आणि तिथून "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असे 22 व्या स्तोत्रातले शब्द ओरडत होता. तरीही ऐकली गेली, असे पत्रकर्ता लिहितो. ज्याचे ऐकले जाते त्याला मागितलेले मिळतेच, असे मग म्हणता येत नाही. आणि मिळाले नाही म्हणून ऐकलेच नाही, असेही नाही. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदाच विनवले, त्याला काट्यासह पुरेल एवढी कृपा मिळाली. ऐकले गेल्याचा पुरावा पुनरुत्थान आहे, असे आमची मंडळी मानते, मीही मानते. पण डायलिसिसवर असल्यामुळे पाण्याचा घोट मोजून पिणाऱ्या माणसाला पुनरुत्थानाचा तो तिसरा दिवस फार लांब वाटतो, हेही रोज पाहते. काकांच्याच पाळीतल्या एका तरुणाला त्या वर्षी आईची किडनी बसली. त्याच्यासाठीही मंडळीत प्रार्थना झाली होती, त्याच शब्दांत. काकांनी त्याच्या आभारप्रार्थनेला जाऊन पेढा हातात घेतला आणि मधुमेहामुळे काकूंना दिला. त्यांनाही तो चालत नव्हता, म्हणून तो माझ्याकडे आला.

ते ब्रदर पुन्हा फिरकले नाहीत, असे लिहिता आले असते तर गोष्ट सोपी झाली असती. मुलाची पाळी बदलल्यापासून दर बुधवारी तेच काकांना स्कूटरवरून घेऊन येतात. पूर्ण आरोग्य मिळणारच, यावरचा त्यांचा विश्वास तसूभर ढळलेला नाही आणि काकांनीही एकही डायलिसिस त्यानंतर चुकवलेले नाही. वाहनतळापासून वजनकाट्यापर्यंत दोघांचा वाद चालतो. आत येण्याआधी काट्याजवळ उभे राहून ब्रदर प्रार्थना करतात. गेल्या बुधवारी त्यांनी नव्या किडन्यांसाठी सुरुवात करताच काकांनी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "किडनीचं मागा, सोडू नका. पण एप्रिल लागलाय, आधी तहानेचं मागा." ब्रदरांनी डोळे मिटूनच मान हलवली आणि तहानेचे मागणे आधी घातले.