रस्ता 9 मीटरचा

मार्च 2025 चा तिसरा आठवडा. नागपुरात कूलर गच्चीवरून खाली उतरायचे दिवस. खामल्याकडच्या एका जुन्या लेआउटमध्ये घराचं मूल्यांकन करायला गेले, तर फाटकातून आत शिरायला वाट नव्हती. अंगणभर कूलरचे लोखंडी सांगाडे, भिंतीला टेकवलेल्या, कूलरला बसवायच्या वाळ्याच्या नव्या ताट्या आणि ओल्या वाळ्याचा वास. घरचा मुलगा, म्हणजे पन्नाशीचा माणूस, उकिडवा बसून पंपाची वायर सोलत होता.

"मोजमापवाल्या मॅडम का जी? या, या. त्या ताटीवर पाय नका देऊ फक्त."

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बँकांसाठी आणि कुटुंबांच्या वाटणीसाठी मालमत्तेचं मूल्य काढते. हे काम वाटणीचं होतं. वडिलांनी 1984 साली बांधलेलं घर, 40 बाय 60 चा प्लॉट. लेआउट खासगी, पण 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेलं. नियमित झाल्याचं नागपूर सुधार प्रन्यासचं पत्र, आर.एल., त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी, असं जपून ठेवलं होतं. आईही वर्षापूर्वी गेली. आता वारस तिघं, हा आणि दोन बहिणी. याला घर ठेवायचं होतं. बहिणींचे हिस्से पैसे देऊन घ्यायचे, आणि भाव बाहेरच्या माणसाने काढावा, एवढं तिघांनी मिळून ठरवलेलं.

कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की मुलींना हक्क 2005 नंतर आला, घर तर त्याआधीचं. हा गैरसमज मला दर महिन्याला भेटतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याची 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर, मृत्युपत्र नाही, तर मुलींचा सारखा वाटा 1956 च्या मूळ कायद्यापासूनच आहे. मी सांगितलं. तो लगेच म्हणाला, "बहिणींचं तर द्यायचंच आहे जी. मले फक्त आकडा सांगा."

आतल्या खोल्या मोजायला अर्धा तास लागला. मग मी टेप घेऊन रस्त्यावर आले. मंजूर नकाशात रस्ता 9 मीटर, जागेवरही 9 मीटर भरला. त्याने टेपचं दुसरं टोक धरलं होतं. त्याला वाटलं ही नुसती रीत आहे. खरं तर त्याच्या घराचा भाव तिथेच ठरला.

2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, 1.1. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर त्यावर पैसे भरून वाढीव एफएसआय, म्हणजे प्रीमियम, नाही, दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, नाही, गोष्ट तिथेच संपते. रस्ता 9 मीटर भरला की पैसे भरून आणि टीडीआर घेऊन तो 2 पर्यंत जातो, त्यावर जिने-बाल्कनीसारख्या गोष्टींसाठीचा अनुषंगिक एफएसआय वेगळा. म्हणजे खाली पार्किंग आणि वर मजले. नागपूरच्या भाषेत, स्कीम बसते. आणि मूल्यांकनाचं तत्त्व असं की जमिनीची किंमत तिथे आज काय आहे यावर धरायची नाही, तिथे कायद्याने जास्तीत जास्त काय होऊ शकतं त्यावर धरायची.

गल्लीत हे डोळ्यांनी दिसतच होतं. छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल 2016 मध्ये मेट्रोसाठी पाडला, 2019 च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, पुढच्या वर्षी वर्धा रोडवर दुमजली पूल आला. त्यानंतर या बाजूच्या बैठ्या घरांपुढे बिल्डर फेऱ्या मारू लागले. त्याने हाताने दाखवलं. "हे स्कीम, ते स्कीम, कोपऱ्यावरचं पण गेलं. या समद्यांचे कूलर माझ्याकडेच होते. आता फ्लॅटमंदी एसी. एसीवाल्याले ताटी काय कामाची?" तरी त्याचं गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. जुन्या वस्तीतले लोक सायकलवर, ॲक्टिव्हाच्या पायाशी कूलर ठेवून त्याच्याकडे येत होते, कारण पत्ता तोच होता.

हिशेब मी त्याच्यासमोर मांडला. सहसा मांडत नाही. जमीन 2,400 चौरस फूट, दर 9,000, म्हणजे 2 कोटी 16 लाख. बांधकाम 900 चौरस फूट, आज बांधायला 1,600 च्या दराने 14 लाख 40 हजार. आयुष्य 60 वर्षं धरलं, 41 उलटली, 10 टक्के भंगारमूल्य सोडून घसारा साडेएकसष्ट टक्के. उरले 5 लाख 54 हजार 400. वडिलांनी उभं केलेलं सगळं घर एकूण आकड्याच्या तीन टक्क्यांतही बसत नव्हतं. बहिणींचे दोन हिस्से जवळपास 1 कोटी 48 लाख.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा 9,000 चा भाव कोन ठरवते जी?"

"आजूबाजूच्या सौद्यांवरून. इंडेक्स-2 काढतो आम्ही, नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा."

"कोनाचा सौदा?"

मी बोट दाखवलं. शेजारची स्कीम. ती जमीन बिल्डरने घेतली तेव्हा बँकेसाठी मूल्यांकन मीच केलं होतं, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, आकडा बरोबर होता. पण भाव ज्यावरून काढला त्या तुलनेच्या तक्त्यातले तिन्ही सौदे बिल्डरांचेच होते, हे त्याच्या प्रश्नामुळे मला पहिल्यांदा नीट दिसलं. राहण्यासाठी या गल्लीत घर घेतलेला माणूस त्या तक्त्यात एकही नव्हता. ताट्या विणणाऱ्याला स्वतःचंच घर बिल्डरच्या भावाने विकत घ्यायचं होतं.

"थोडा कमी नाही होत का, मॅडम?"

मोठी बहीण तोवर आली होती. बेसाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू. तिने ते ऐकलं आणि काही बोलली नाही, फक्त पदर बोटाला गुंडाळत राहिली. मी आकडा खाली आणला असता तर तो तिच्या पोरीच्या फीमधून आणला असता. मी नाही आणला. सही केली.

बिल्डरशी विकसन करार करून, जमिनीच्या बदल्यात तिघांनी फ्लॅट घ्यावेत हा मार्ग मी सुचवला. त्याने अंगणातल्या सांगाड्यांकडे पाहून विचारलं, "हे पार्किंगमंदी ठेवू देतीन का?" मला उत्तर माहीत होतं, त्यालाही होतं.

तेव्हापासून मी तुलनेच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आहे, खरेदीदार कोण, राहणारा की बिल्डर. बँकेला तो लागत नाही. मला लागतो, आणि वाटणीच्या कामात तो मी सगळ्या पक्षांना वाचून दाखवते.

दिवाळीनंतर त्याच गल्लीत दुसरं काम आलं. इंडेक्स-2 काढले, तीन सौदे निवडले. तिसऱ्या ओळीत 40 बाय 60, रस्ता 9 मीटर. रकान्यात मी लिहिलं, बिल्डर.