नॉवूचे निवृत्त सेवेकरी

शिकागोहून साडेचार-पाच तास गाडी चालवत पश्चिमेला गेलं की इलिनॉय राज्य संपता संपता मिसिसिपी नदी मोठं वळण घेते. त्या वळणावर नॉवू हे जेमतेम हजार वस्तीचं गाव आहे. १८३९ मध्ये जोसेफ स्मिथ आणि त्यांच्या अनुयायांनी, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, इथल्या दलदलीत शहर वसवलं. मलेरियाने घरंच्या घरं आजारी पडली, तरी शहर वाढलं. जून १८४४ मध्ये जवळच्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १८४६ पासून लोक नदी ओलांडून पश्चिमेकडे निघाले आणि पुढे युटामध्ये स्थिरावले.

हा इतिहास कुठेही वाचता येईल. मला सांगायचंय ते आज हे गाव जिवंत ठेवणाऱ्या माणसांबद्दल.

जुन्या विटांच्या घरांत, लोहारशाळेत, बेकरीत, छापखान्यात जी मंडळी माहिती सांगतात ती बहुतेक याच पंथातली, चर्चतर्फे सेवेला आलेली निवृत्त जोडपी आहेत. बायकांचे घोळदार लांब झगे, पुरुषांचे जाकीट आणि हॅट, छातीवर नावाची काळी पट्टी. यांना पगार नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च ते स्वतःच्या खिशातून करतात आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत इथे राहतात. शेगावला पाळीने येणारे सेवेकरी ज्यांनी पाहिलेत त्यांना हा भाव लगेच कळेल. फरक इतकाच की इथे नवरा-बायको घर बंद करून, नातवंडांचा निरोप घेऊन, बराच काळ राहायलाच येतात.

आई-बाबा सोबत होते आणि त्यांच्यामुळेच ही माणसं मोकळी बोलली. बाबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते लोहारशाळेत भात्यापाशी उभे राहिले ते हलेचनात. तिथले आजोबा घोड्याच्या नालेचा खिळा वाकवून अंगठी करून दाखवत होते. हे काम ते इथे आल्यावर शिकले, आयुष्यभर शेती केली होती. त्यांची पत्नी आईला दिवस कसा जातो ते सांगत होती, मी मधे दुभाष्या. सकाळी प्रार्थना, मग त्या दिवशीच्या घरावर हजर. नेमणूक फिरती असते: आज बेकरी, उद्या बूट शिवणाऱ्याचं घर. म्हणजे प्रत्येक घराचा इतिहास पाठ हवा. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. संध्याकाळी कुणी नाटक-गाण्यात उभं राहतं, कुणी पोशाखांची शिवण-दुरुस्ती करतं. घोडागाड्या हाकणाऱ्यांचा दिवस तर तबेल्यात, सगळ्यांच्या आधी सुरू होतो. आठवड्यातला एक दिवस धुणं, बाजारहाट आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल. इथे असताना घरी नात जन्मली, असं सांगताना त्या थांबल्या. आईने त्यांचा हात हातात घेतला. तिथे माझ्या भाषांतराची गरज पडली नाही.

म्हणून पहिला सल्ला हाच: अर्ध्या दिवसात गाव उरकू नका. दोन दिवस ठेवा, कमी घरं बघा आणि विचारा, तुम्ही कुठून आलात, इथे का आलात? माहिती सांगून झाली की बहुतेक जण आपल्या श्रद्धेबद्दल दोन शब्द बोलतात. शांतपणे ऐका. पुढे संपर्कासाठी नाव-पत्ता विचारला तर नम्रपणे नको म्हणता येतं, कुणाला राग येत नाही. त्या काळातलं मॉर्मनांचं बहुपत्नीत्व, किंवा विरोधकांचा छापखाना फोडल्याचं १८४४ चं प्रकरण, हे विषय आपणहून फार निघत नाहीत. थोडं वाचून जा आणि सरळ विचारा. आम्हाला सरळ उत्तरं मिळाली.

प्रवेश सगळीकडे फुकट. घोडागाडीलाही पैसे नाहीत, पण तिची वेळ व्हिजिटर्स सेंटरमध्ये सकाळीच ठरवून घ्या. टिप देऊ नका. हे लोक चहा-कॉफी घेत नाहीत, तेव्हा चहाबाज मंडळींनी थर्मास भरून न्यावा. बेकरीत आल्याचं बिस्किट हातावर ठेवतात; अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. शाकाहारी जेवणाची गावात पंचाईतच आहे, आमचे ठेपले आणि दहीभात कामी आले. रविवारी सकाळी उपासना असल्याने घरं उशिरा उघडतात. जुलैत रात्रीचे मोठे नाट्यप्रयोग असतात, तेव्हा खोल्या फार आधी भरतात, शिवाय ऊन आणि दमटपणा ज्येष्ठांना सोसत नाही. सप्टेंबर अखेर उत्तम.

टेकडीवरचं मॉर्मनांचं देऊळ जाळपोळीत आणि नंतर वादळात गेलं होतं. २००२ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. आत फक्त त्यांच्या पंथातल्यांना जाता येतं, पण आवारातून नदी छान दिसते. जोसेफ स्मिथ यांचं घर आणि लाल विटांचं दुकान पूर्वी पंथाच्या दुसऱ्या शाखेकडे होतं. २०२४ मध्ये ते, बाकीची घरं चालवणाऱ्या चर्चनेच विकत घेतलं, त्यामुळे तेही आता एकाच फेरीत होतं.

परतीच्या वाटेवर कार्थेजला तासभर द्या, अंतर अर्ध्या तासाचं आहे. गोळी आरपार गेलेलं दार तिथे अजून आहे. गाडी चालवायची नसेल तर शिकागोहून ॲमट्रॅकची साऊथवेस्ट चीफ ही रेल्वेगाडी नदीपलीकडच्या फोर्ट मॅडिसनला थांबते. पुढच्या प्रवासाची सोय मात्र निघण्याआधीच फोनवर करून ठेवा.