पहिल्या वर्षाचा ग्राफ, तिसऱ्या वर्षाचा पेपर

आज दुपारभर इकॉनोमेट्रिक्सची (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायचा विषय) रेप्लिकेशन असाइनमेंट करत बसले होते, म्हणजे छापून आलेल्या पेपरचे आकडे स्वतः पुन्हा काढून बघायचे. पेपर तोच, कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा 1994 चा, किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातात का हे बघणारा. इकॉनॉमिक्सच्या पोरांना तो कुठे ना कुठे गाठतोच. डोकं अजून त्यातच आहे म्हणून लिहून ठेवतेय.

पहिल्या वर्षी मायक्रोत हाच विषय कसा उरकला होता आठवतंय. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा काढायच्या, वर एक आडवी रेघ मारायची, ते झालं किमान वेतन, मधल्या गॅपला नाव द्यायचं बेरोजगारी. पाच मिनिटांत उत्तर आणि पूर्ण मार्क. हे कोणी मोजून बघितलंय का असं वर्गात एकानेही विचारलं नाही, कारण परीक्षेत तसं येतच नाही ना!

तर या दोघांनी मोजलं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने 1 एप्रिल 1992 ला किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्वेनियात ते 4.25 च राहिलं. मग दोन्हीकडची मिळून 410 फास्टफूड रेस्टॉरंट घेतली आणि वाढीच्या आधी एकदा, नंतर एकदा विचारलं, तुमच्याकडे किती जण कामाला आहेत. बहुतेक सगळं फोनवरून. पार्टटाइमवाला अर्धा माणूस धरायचा, हेही त्यांनीच ठरवलेलं. न्यू जर्सीत दर रेस्टॉरंटमागे सरासरी 20.44 माणसांवरून 21.03, पेनसिल्वेनियात 23.33 वरून 21.17. दोन बदलांमधला फरक काढला की न्यू जर्सीच्या बाजूने साधारण पावणेतीन माणसं. ग्राफच्या हिशोबाने नोकऱ्या जायला हव्या होत्या, त्या गेलेल्या दिसल्या नाहीत.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण तो टेबल स्वतः रन करून काढला आणि बघतच राहिले, कारण त्या पावणेतीनमधले दोनाहून जास्त तर पेनसिल्वेनियाच्या घसरणीतून आलेत! न्यू जर्सीत फार काही हललंच नाहीये. म्हणजे सगळी मदार एकाच गृहीतकावर, की वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही तशीच घसरण झाली असती. ते खरं आहे का? डेटात ते कुठेच लिहिलेलं नसतं, तिथे तुम्हाला वाद घालावाच लागतो. आणि वाद झालाच, 2000 साली न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी पगाराच्या नोंदी घेऊन उलटं उत्तर काढलं, तर त्याच जर्नलच्या त्याच अंकात कार्ड-क्रूगरचं प्रत्युत्तर. कार्डला 2021 मध्ये नोबेल मिळालं (क्रूगर तोवर गेले होते), तरी भांडण काही मिटलेलं नाही, आणि मला ते जाम आवडतं.

रिसर्चवाल्या युनिव्हर्सिटीत यायचं म्हटल्यावर लोक सांगतात मोठमोठे प्रोफेसर शिकवतील. शिकवतात की, पण कसं? पहिल्या दोन वर्षांत निम्म्या लेक्चर्सला जुन्याच स्लाइड्स, सरांचं लक्ष स्वतःच्या कुठल्या तरी पेपरच्या रिव्हिजनच्या डेडलाइनवर, आणि खरं समजावून सांगणार ट्यूटोरियलला येणारा पीएचडीचा टीए (टीचिंग असिस्टंट), जो स्वतः झोपेला मुकलेला. प्रोफेसरचं प्रमोशन रिसर्च पेपरवर ठरतं, आमच्या मार्कांवर नाही, हे इन्सेंटिव्ह इकॉनॉमिक्स शिकणाऱ्यांना तरी कळायला हवं. त्यामुळे फक्त चांगलं लेक्चर हवं असेल तर मला नाही वाटत इथे यावं. पण त्याच सरांना एखाद्या पेपरचं आयडेंटिफिकेशन (परिणाम खरंच त्याच कारणाने झाला हे कसं दाखवलंय) पटतं का एवढं विचारा, माणूसच बदलतो, ऑफिस अवर संपला तरी फळ्यावर लिहीत उभे.

शिवाय आरएचं, म्हणजे रिसर्च असिस्टंटचं काम. नाव भारी, काम म्हणजे डेटा धुणं. एकाच जिल्ह्याची तीन स्पेलिंगं, वयाच्या कॉलममध्ये -99 (म्हणजे माहितीच नाही), दोन फाइल जोडल्या की ओळी वाढलेल्या. कंटाळवाणं आहेच, पण छापील टेबलकडे बघताना आता पहिला प्रश्न हाच येतो की हे साफ कोणी केलं आणि कोणत्या ओळी टाकून दिल्या. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या 2010 च्या सरकारी कर्जावरच्या पेपरात एक्सेलच्या सरासरीतून पाच देश सुटले होते, ते 2013 मध्ये उघड झालं थॉमस हर्नडन नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यामुळे, आणि सुरुवात क्लासच्या होमवर्कपासून झाली होती. आमच्या सारखीच रेप्लिकेशन असाइनमेंट!

मॅथ्सबद्दल लिहायला बसले तर रात्र जाईल. एवढंच, की पुढे पीएचडी करायची तर रिअल अ‍ॅनालिसिस हा सिद्धतांच्या गणिताचा कोर्स घ्या असं सगळे सांगतात आणि ते घेतलं की सेमिस्टरभर इकॉनॉमिक्स दिसत नाही. बॅचमधले बरेच जण कन्सल्टिंग नाहीतर फायनान्सकडे निघालेत, त्यांना हे सगळं लागणारही नाही, ठीक आहे.

माझं थिसिसचं ठरत नव्हतं, नवीन काहीतरी शोधायचं की जुनाच पेपर घेऊन त्याची हाडं मोजायची. आजनंतर जुनाच पेपर घ्यावासा वाटतोय. थिसिसच्या मॅडम म्हणतील यात नवीन काय, त्यावर उत्तर तयार करायला हवं. आधी न्यूमार्क-वॉशरवाला पेपर पूर्ण वाचते, मग मेल टाकते.