किंमत वेगळी, दोष वेगळा

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो स्पेनने १-० असा जिंकला, पण सामन्यातला एकमेव गोल स्पेनच्या कोणाच्याच नावावर लागला नाही. ८२व्या मिनिटाला कोलंबियाची बचावपटू आना मारिया गुझमान हिच्याकडून स्वयंगोल झाला होता. १९९४च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यानंतर दहाच दिवसांनी आंद्रेस एस्कोबार या बचावपटूची मेदेयीनमध्ये गोळ्या घालून हत्या झाली, तोच हा देश. गुझमानच्या वाट्याला सुदैवाने तसे काही आले नाही. पुढच्याच वर्षी मेलबर्नला, महिलांच्या मुख्य विश्वचषकात, जमैकाविरुद्ध तिने दिलेल्या लांब पासवर कातालिना उस्मेने गोल केला आणि कोलंबिया प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

बचावपटूच्या चुकीची किंमत आणि त्या चुकीतला त्याचा दोष या दोन गोष्टी आपण सर्रास एकच धरतो. स्वयंगोल पुष्कळदा त्याच्याच माथी येतो, जो चेंडू अडवायला वेळेवर पोहोचलेला असतो. याउलट जो नुसता चेंडूकडे पाहत राहतो आणि पाठीमागून निसटणारा, ज्याला अडवायचे तोच प्रतिस्पर्धी सोडून देतो, त्याचे नाव कुठेच नोंदले जात नाही. गोल प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जातो आणि शिव्या गोलरक्षकाला बसतात.

अमेरिकन फुटबॉलमधील मार्कस विल्यम्सचे उदाहरण या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे आहे. १४ जानेवारी २०१८ रोजी मिनियापोलिसमध्ये त्याचा संघ न्यू ऑर्लिन्स सेंट्स एका गुणाने पुढे होता आणि शेवटचे दहा सेकंद उरले होते. प्रतिस्पर्धी संघाच्या स्टेफन डिग्जने चेंडू झेलताच त्याला मैदानाच्या आत पाडणे एवढेच काम होते, कारण बहुधा तेवढ्यात वेळ संपला असता; परंतु विल्यम्स खाली वाकून घुसला, त्याचा नेम चुकला आणि डिग्ज मोकळ्या मैदानातून धावत गेला आणि सेंट्स हरले. सामन्यानंतर विल्यम्सने पत्रकारांना टाळले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. आणि संघानेही त्याला पुढचे अनेक हंगाम खेळवले. माझ्या मते हे दुसरे अधिक महत्त्वाचे आहे, कारण कबुली देणाऱ्यालाच बाहेर बसवले, तर पुढच्या वेळी कबूल कोण करील?

सीवूड्सजवळच्या एका मैदानावर शाळकरी मुलांच्या सामन्यात क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेल्या चेंडूवर, असाच माणूस सुटून गोल झाला, तेव्हा कडेला उभे असलेले एक गृहस्थ लगेच ओरडले, "गोली झोपलाय का रे?" प्रशिक्षकांनी मात्र मध्यंतरात उजव्या बाजूच्या बचावपटूला जवळ घेऊन विचारले, "क्रॉस येत होता तेव्हा तू मागे वळून किती वेळा पाहिलंस?" मुलगा म्हणाला, "एकदाही नाही, सर." मग त्यांनी मधल्या बचावपटूकडे पाहिले: "आणि याला आवाज द्यायचं काम कोणाचं होतं?" त्याने हात वर केला. कोणी सॉरी म्हणाले नाही, म्हणण्याची गरजही नव्हती. कोणी काय करायचे राहिले, हे पाचेक मिनिटांत ठरले आणि दोघेही दुसऱ्या सत्रात खेळले. गोलीला झोपाळू ठरवणाऱ्या गृहस्थांना मात्र कोणी काही विचारले नाही.