प्लेफेअर डिस्प्ले बोल्ड इटॅलिक: एका ओळीपुरता फॉन्ट

फुकट आहे, दिसायला देखणा आहे, म्हणून लग्नपत्रिकेपासून कॅफेच्या मेनूकार्डापर्यंत प्लेफेअर डिस्प्ले सगळीकडे दिसतो. त्याचा बोल्ड इटॅलिक, म्हणजे जाड आणि तिरका अवतार, तर हमखास चुकीच्या जागी लावलेला असतो.

डॅनिश डिझायनर क्लाउस एगर्स सोरेन्सन यांनी हा फॉन्ट रेखताना अठराव्या शतकाचा उत्तरार्ध डोळ्यांपुढे ठेवला. पिसाची लेखणी मागे पडून टोकदार पोलादी निब येत होती, तो काळ. अशी निब दाबली की रेघ फुगते, सैल सोडली की केसाएवढी होते. बोल्डमध्ये जाड रेघा भरपूर जाड होतात, बारीक मात्र जवळपास तशाच राहतात. सगळा रुबाब या फरकात आहे आणि दुखणंही तिथेच. १४ पिक्सेलला बारीक रेघा विरून जातात आणि अक्षराचे तुकडे दिसतात. स्क्रीनवर ३० पिक्सेल, छपाईत २४ पॉइंट, याच्या खाली उतरू नये. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं छापायची असतील तर आणखी मोठा आकार घ्यावा. शाई पसरते आणि आधी बारीक रेघाच बुजतात.

इटॅलिक खरा आहे की ढकलून तिरका केलेला, हे रोमन लिपीतल्या छोट्या ‘ए’वरून कळतं. सरळ वळणात त्याला दोन मजले असतात, खऱ्या इटॅलिकमध्ये एकच. दुमजली ‘ए’ नुसताच कलला असेल, तर वेबसाइटवर फक्त रेग्युलर फाइल चढवली आहे आणि बाकीचं ब्राउझरने मनाने केलंय. ७०० वजनाची (म्हणजे बोल्ड) इटॅलिक फाइल वेगळी जोडा.

आकड्यांनी तर कित्येक पत्रिका बिघडवल्या आहेत. यात मुळातले आकडे जुन्या धाटणीचे: ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली लोंबतात, ६ आणि ८ वर डोकावतात (इंग्रजी आकड्यांबद्दल बोलतोय). वाक्यात ते छान दिसतात, पण तारीख किंवा फोन नंबर हिंदकळतो. ओपनटाइपच्या (फॉन्टमधल्या जादा सोयींच्या) सेटिंगमध्ये ‘लायनिंग’ आकडे निवडले की सगळे एका उंचीला येतात.

मोठ्या मथळ्यात अक्षरांमधली जागा एक-दोन टक्के कमी करावी. ‘एफ’नंतर कंस किंवा अवतरणचिन्ह आलं तर मात्र त्या जोडीत हाताने थोडी फट सोडावी, नाहीतर ‘एफ’चं डोकं त्यावर आदळतं.

मराठी मथळ्यात याचा उपयोग फक्त रोमन शब्दापुरता. फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे इटॅलिक लावलं की ब्राउझर दुसराच देवनागरी फॉन्ट उचलतो आणि तोही वाकवतो. शिरोरेघ आडवीच राहते, पण काने कलतात, वरच्या मात्रा उजवीकडे सरकतात, उकार डावीकडे. देवनागरीला इटॅलिकची वेगळी परंपराच नाही, तेव्हा जोर द्यायचा तो वजनाने. शेजारी इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन सरळ उभा लावून बघा. त्यातही जाड-बारीक रेघांचा फरक असाच ठसठशीत आहे. शिरोरेघ रोमन छोट्या अक्षरांच्या किंचित वर येईल इतका आकार ठेवायचा आणि ओळींतलं अंतर १.३ पट. नुसत्या रोमनला १.१ पुरतं, इथे वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात.